चोरी झाली; पण दावा करावा का?

व्यापारी घरात तोटा कसा लिहावा हे कोणाला शिकवावे लागत नाही. मालाचा भाव उतरतो, एखादी उधारी बुडते, गोदामात पावसाचे पाणी शिरते. रात्री वही उघडून तोटा नावे टाकला जातो आणि सकाळी दुकान नेहमीच्या वेळी उघडते. गाडीच्या चोरीच्या वेळी मात्र हा स्थिरपणा टिकत नाही. पहाटे फाटकाबाहेर पाहावे तो गाडीची काच फुटलेली, दोन्ही बाजूंचे आरसे नाहीसे झालेले. अशा घटकेला घरातील जाणती माणसेही हिशेब विसरतात. कोणी म्हणते, विमा आहे, आजच दावा ठोका. कोणी म्हणते, पोलीस ठाण्याचे आणि विमा कंपनीचे हेलपाटे कोणी मारायचे, सोडून द्या. पहिल्या मतामागे संताप असतो, दुसऱ्यामागे कंटाळा. हिशेब दोहोंतही नसतो.

वस्तुतः दावा करणे किंवा न करणे हा जमाखर्चाचा निर्णय आहे. कंपनीकडून किती रक्कम हाती येईल आणि त्या रकमेसाठी पुढील काही वर्षांत किती रक्कम सोडावी लागेल, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले की उत्तर बहुधा आपोआप दिसते. लहान नुकसान स्वतः सोसणे पुष्कळदा फायद्याचे ठरते. मोठे नुकसान भिडेखातर किंवा आळसाने सोसणे हा अविचार ठरतो. या दोहोंमधली सीमारेषा प्रत्येक गाडीची वेगळी असते आणि ती अर्ध्या तासात काढता येते.

विमा नेमका कशाचा?

सर्वप्रथम पॉलिसी उघडून पाहावी. कायद्याने सक्तीचा असलेला केवळ थर्ड पार्टी विमा घेतलेला असेल तर विचार तेथेच संपतो. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होते त्यापुरताच तो असतो; स्वतःच्या गाडीची चोरी त्यात बसत नाही. चोरीची भरपाई मिळते ती सर्वसमावेशक पॉलिसीतील ‘ओन डॅमेज’ या भागातून, किंवा तेवढ्याच भागाची वेगळी पॉलिसी असल्यास तीतून.

दुसरा प्रश्न असा की चोरीला काय गेले? खासगी मोटारीच्या पॉलिसीत गाडी, तिचे सुटे भाग आणि तिला बसवलेली, पॉलिसीत धरलेली साधने येतात. कंपनीने मुळात न बसवलेली, मागाहून बाजारातून घेतलेली महागडी म्युझिक सिस्टीम पॉलिसीत स्वतंत्रपणे नोंदवलेली नसेल तर तिची भरपाई मागताना अडचण येते. गाडीत ठेवलेली बॅग, लॅपटॉप, मोबाइल, दागिने किंवा रोख रक्कम हे गाडीचे भाग नव्हेत. मूळ पॉलिसीत त्यांना स्थान नाही. वैयक्तिक सामानासाठी वेगळे जादा संरक्षण घेतलेले असेल तरच त्याचा विचार होतो, आणि त्यातही रोख रक्कम सहसा वगळलेली असते.

व्यापाऱ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे. वसुलीची रक्कम गाडीत ठेवून मालक दहा मिनिटांसाठी उतरला आणि बॅग गेली, तर मोटार विमा कामाला येत नाही. त्यासाठी रोकड वाहतुकीचा स्वतंत्र विमा असतो. परंतु कोणी नसलेल्या गाडीत ठेवलेली रक्कम त्यातूनही बहुधा वगळलेली असते. मालाचे नमुने किंवा माल गेला तर त्याचा विमा वेगळा. शिवाय चोरीला गेलेल्या मालाच्या खरेदीवर घेतलेले जीएसटीचे इनपुट क्रेडिट कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे परत करावे लागते. नुकसानीच्या आकड्यात ही रक्कम धरण्याचे अनेकदा राहून जाते.

दुचाकी आणि मालवाहू टेम्पो यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांच्या प्रमाणित पॉलिसीत जोडसाधनांची चोरी तेव्हाच भरून मिळते, जेव्हा त्याच वेळी संपूर्ण वाहनही चोरीला जाते. घरच्या मोटारीला लागू असलेला नियम दुकानाच्या टेम्पोलाही लागू असेल असे गृहीत धरून चालत नाही.

हाती किती येईल?

वर्कशॉपच्या बिलाची पूर्ण रक्कम कंपनी देते असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात त्यातून दोन वजाबाक्या होतात. पहिली घसाऱ्याची. रबर, नायलॉन व प्लॅस्टिकचे भाग, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापला जातो. फायबर ग्लासच्या भागांवर तो ३० टक्के असतो. काचेवर घसारा नाही. धातूच्या व इतर भागांचा घसारा गाडीच्या वयाप्रमाणे वाढतो: पहिले सहा महिने काही नाही, वर्ष पूर्ण होईपर्यंत ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १०, तिसऱ्या वर्षी १५, चौथ्या वर्षी २५, पाचव्या वर्षी ३५ आणि त्यानंतर दहा वर्षांपर्यंत ४० टक्के. ‘झिरो डेप्रिसिएशन’चे जादा संरक्षण घेतले असेल तर ही वजाबाकी त्याच्या अटींप्रमाणे टळते.

दुसरी वजाबाकी सक्तीच्या वजावटीची. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीसाठी १,००० रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनासाठी २,००० रुपये प्रत्येक दाव्यातून मालकाने सोसायचे असतात. विमा हप्ता कमी व्हावा म्हणून कोणी ऐच्छिक वजावट स्वीकारली असेल, तर तीही यात मिळवावी.

बोनस नावाचे भांडवल

दावा केल्याने जे जाते ते म्हणजे नो क्लेम बोनस. एक वर्ष दावा न केल्यास पुढील वर्षी ओन डॅमेजच्या विमा हप्त्यात २० टक्के सूट मिळते. अशी दोन वर्षे गेली की २५, तीन वर्षांनी ३५, चार वर्षांनी ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. यापुढे सूट वाढत नाही. एक दावा झाला की पुढील नूतनीकरणात ती शून्यावर येते आणि शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते. थर्ड पार्टीच्या हप्त्याशी या बोनसचा संबंध नाही.

बहुतेक लोक फक्त पुढच्या एका वर्षाची सूट गेली असे धरतात. येथेच हिशेब चुकतो. पुढील वर्षी शून्य, त्याच्या पुढील वर्षी २०, मग २५, मग ३५, मग ४५, अशी पाच वर्षे तो मालक दावा न केलेल्या मालकाच्या मागे राहतो. या पाच वर्षांतील फरकांची बेरीज केली की एक उपयोगी कोष्टक हाती येते. सूट वजा करण्यापूर्वीचा ओन डॅमेजचा वार्षिक हप्ता १०० रुपये धरला, तर चालू पॉलिसीत बोनस शून्य असणाऱ्याचे एका दाव्यामुळे एकूण ५० रुपये जातात. बोनस २० टक्के असेल तर ८० रुपये, २५ टक्के असेल तर १०५ रुपये, ३५ टक्के असेल तर १२० रुपये, आणि ४५ किंवा ५० टक्के असेल तर १२५ रुपये. या रकमेवर १८ टक्के जीएसटी वेगळा. गाडीचे मूल्य दरवर्षी उतरते तसा हप्ताही उतरतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा कमी निघतो. परंतु अंदाजासाठी हे कोष्टक पुरेसे आहे.

बोनस हा मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. गाडी विकून नवी घेतली तरी तो नव्या गाडीच्या पॉलिसीत आणता येतो; विमा कंपनी बदलली तरी सोबत येतो. मात्र पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर तो बुडतो. घरात तीन गाड्या असतील तर एकीच्या दाव्याने दुसरीच्या बोनसला धक्का लागत नाही. बोनस सुरक्षित ठेवणारे जादा संरक्षणही मिळते. ते घेतले असेल तर वरील हिशेब बदलतो, म्हणून पॉलिसीचे ते पान आधी वाचावे.

दोन भावांचा हिशेब

उदाहरणादाखल सांगलीच्या बाजारपेठेतील एक एकत्र कुटुंब डोळ्यांपुढे आणू. गाडी १२०० सीसीची, चौथे वर्ष चालू, बोनस ३५ टक्के. सूट वजा करण्यापूर्वीचा ओन डॅमेजचा हप्ता १२,००० रुपये. एका रात्री दाराची काच फोडून दोन्ही आरसे काढून नेले गेले. वर्कशॉपचा अंदाज १८,००० रुपयांचा: आरसे १२,०००, काच ४,०००, मजुरी २,०००.

धाकटा भाऊ म्हणतो, “दादा, इतकी वर्षे विमा भरतो तो कशासाठी? अठरा हजार सोडायचे?”

थोरला उत्तर देतो, “अरे, अठरा हजार मिळणार आहेत हे तुला कोणी सांगितले? आधी कागद घे.”

कागदावर आकडे असे उतरतात. प्लॅस्टिकच्या आरशांवर निम्मा घसारा, म्हणून १२,००० पैकी ६,०००. काचेचे पूर्ण ४,०००. मजुरीचे २,०००. एकूण १२,०००. त्यातून सक्तीची वजावट १,००० रुपये. हाती येणार ११,०००.

दुसऱ्या बाजूला जाणारी रक्कम. हप्ता दरवर्षी सुमारे दहा टक्क्यांनी उतरेल असे धरले, तर पाच वर्षांतील बोनसचा फरक अनुक्रमे ५,४००, ३,२४०, २,४३०, १,३१२ आणि ३९४ रुपये. बेरीज १२,७७६. जीएसटी धरून सुमारे १५,०७५. म्हणजे आज ११,००० रुपये घेण्यासाठी पुढे १५,००० रुपये सोडावे लागतात. पाच वर्षांत गाडी पुन्हा एकदा दाव्यात सापडणार नाही असे यात गृहीत आहे. तसा प्रसंग आलाच तर बोनस तेव्हाही जाणारच होता आणि फरक कमी होतो. तरीही पारडे दावा न करण्याकडे झुकते. धाकटा कागद दुमडून ठेवतो आणि आरसे स्वतःच्या खर्चाने बसवले जातात.

त्याच रात्री चारही चाके व आतील यंत्रणा गेली असती आणि घसारा व वजावट जाऊन ४०,००० रुपये हाती येणार असते, तर हाच कागद उलट उत्तर देता. त्या गाडीची सीमारेषा पंधरा हजारांच्या आसपास आहे. नवी गाडी, बोनस शून्य आणि हप्ता तेवढाच असेल, तर सीमारेषा सात हजारांपर्यंत खाली येते. ‘लहान दावा करू नये’ हा सरसकट नियम म्हणूनच पुरेसा नाही. लहान म्हणजे किती, हे ज्याच्या त्याच्या बोनसवर ठरते.

संपूर्ण गाडी गेली तर

अख्खी गाडी चोरीला गेली तर दावा करायचा की नाही हा प्रश्नच उरत नाही. कितीही बोनस असला तरी तो काही हजारांचा, गाडी लाखांची. येथे सुट्या भागांचा घसारा लागत नाही. पॉलिसीवर लिहिलेले विमा घोषित मूल्य, ज्याला आयडीव्ही म्हणतात, त्यातून वजावट काढून उरलेली रक्कम मिळते. हे मूल्य गाडीच्या कंपनीच्या विक्री किमतीवरून ठरते. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घट धरली जाते. पाच वर्षांनंतर ते मालक व कंपनी यांच्या संमतीने ठरते.

नूतनीकरणाच्या वेळी हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून हे मूल्य खाली लिहून घेण्याची सवय काही घरांत आढळते. वाचतात ते थोडके रुपये. मूल्य ५०,००० रुपयांनी कमी लिहिले आणि गाडी चोरीला गेली, तर मात्र ते ५०,००० पूर्ण जातात. चोरी ज्या दिवशी होते त्या दिवशी हा आकडा वाढवता येत नाही.

कर्जाऊ गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. नोंदणी पुस्तकावर बँकेचा बोजा असेल तर विम्याची रक्कम प्रथम बँकेकडे जाते. आयडीव्ही ६,००,००० आणि कर्जाची बाकी ४,२०,००० असेल, तर १,००० रुपयांची वजावट जाऊन ५,९९,००० मंजूर होतील. बँकेची बाकी फिटून मालकाच्या हाती १,७९,००० येतील. बाकी ६,४०,००० असेल तर सर्व रक्कम बँकेला जाऊन वर ४१,००० रुपये मालकालाच भरावे लागतील. दाव्याचा निकाल लागेपर्यंत कर्जाचे मासिक हप्ते थांबत नाहीत. गाडी नाही म्हणून हप्ता नाही, असा युक्तिवाद बँक स्वीकारत नाही, आणि थकलेले हप्ते कुटुंबाच्या पतनोंदीत उतरतात. पुढे दुकानाच्या कॅश क्रेडिटचे नूतनीकरण करताना तीच नोंद पुढे येते. म्हणून चोरीची लेखी सूचना बँकेलाही त्याच आठवड्यात द्यावी व हप्त्यांची तरतूद चालू ठेवावी.

पहिला दिवस

दावा करायचा की नाही हे ठरण्याआधीही काही कामे करावीच लागतात. घटनास्थळाची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि पोलिसांत फिर्याद द्यावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची प्रथम खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात, हद्दीचा प्रश्न न येता, देता येते आणि तिची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. कागदावर ‘चोरी’ असेच लिहिलेले आहे ना, हे सही करण्यापूर्वी वाचून पाहावे. वस्तू गहाळ झाल्याची नोंद ही चोरीची फिर्याद नव्हे. गाडी गेली असेल तर हे काम त्याच दिवशी करायचे असते, आणि विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवायचे असते. फास्टॅग बंद करणे आणि परिवहन कार्यालयाला कळवणे ही कामे त्यामागोमाग येतात.

केवळ सुटे भाग गेले असतील तर मात्र दावा नोंदवण्यापूर्वी वरील हिशेब मांडावा. दावा नोंदवून प्रलंबित ठेवला तरी बोनसची अडचण होऊ शकते. निर्णय एका दिवसात घ्यावा. दावा करायचा ठरल्यास सर्व्हेअरने पाहणी करण्यापूर्वी दुरुस्ती सुरू करू नये.

दावा न करण्याचे ठरले तरी फिर्याद का द्यावी, असे विचारले जाते. चोरीस गेलेल्या भागासोबत गाडीची कागदपत्रे गेली असतील, चोरलेली नंबर प्लेट दुसऱ्या वाहनावर लागली, किंवा त्याच टोळीकडून पुढे माल सापडला, तर ती फिर्यादच मालकाच्या बाजूने उभी राहते.

संपूर्ण गाडीच्या दाव्यात पोलिसांच्या तपासाचा शेवट महत्त्वाचा असतो. गुन्हा खरा आहे पण आरोपी किंवा मुद्देमाल सापडला नाही, असा अहवाल न्यायालयात जातो. महाराष्ट्रात त्याला ‘अ समरी’ म्हणतात. त्याची प्रत, मूळ नोंदणी पुस्तक, गाडीच्या दोन्ही किल्ल्या, मालकी हस्तांतरणाचे नमुने २८, २९ व ३०, कर्ज असल्यास नमुना ३५, आणि कंपनीच्या नावे हक्क सोपवणारे पत्र एवढे कागद लागतात. यात काही महिने जातात. दाव्याची रक्कम मिळाल्यावर गाडी सापडली तर ती कंपनीची होते. रक्कम मिळण्यापूर्वी सापडली तर न्यायालयाच्या आदेशाने मालकाला सुपूर्तनाम्यावर परत मिळते आणि झालेल्या मोडतोडीपुरता दावा उरतो.

दावे अडतात ते कुठे?

दोन किल्ल्यांपैकी एक हरवलेली असते आणि ती केव्हा हरवली याची कोठेही नोंद नसते. किल्ली गाडीतच ठेवून मालक उतरलेला असतो. अशा वेळी वाहनाची वाजवी काळजी घेतली नाही, हा आक्षेप येतो. नव्या गाडीच्या तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेली असते. शुभ मुहूर्तावर घेतलेली गाडी कायम क्रमांक येण्यापूर्वीच प्रवासाला काढण्याची हौस येथे महाग पडते. मुदत संपलेल्या तात्पुरत्या नोंदणीवर बाहेरगावी नेलेल्या गाडीच्या चोरीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अमान्य केला.

खासगी मोटारीतून व्यापाराचा माल वाहण्याचा प्रकारही तपासला जातो. पॉलिसीत नमुने आणि स्वतःचे सामान नेण्याची मुभा असते, मालवाहतुकीची नसते. तथापि अटीचा प्रत्येक भंग म्हणजे दाव्याचा संपूर्ण अंत नव्हे. चोरीच्या दाव्यात वाहनाच्या वापराची अट मोडली एवढ्याच कारणाने सर्व रक्कम नाकारता येत नाही, या विचाराने सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका प्रकरणात ७५ टक्के रक्कम देण्याचा आदेश कायम ठेवला. तसेच पोलिसांत फिर्याद तातडीने दिलेली असेल आणि दावा खरा असेल, तर विमा कंपनीला कळवण्यास उशीर झाला एवढ्यावरून तो फेटाळता येणार नाही, असे न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले.

दावा नाकारला गेला तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तेथे समाधान झाले नाही किंवा महिनाभरात उत्तर आले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा त्यांना अधिकार आहे. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत तेथे पोहोचावे लागते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो.

खरेपणाची बाजू

या सर्व हिशेबात एक जागा अशी येते जेथे आकडे गप्प बसतात. वर्कशॉपमधला माणूस सहज म्हणतो, “शेठ, दावा करताच आहात तर मागच्या बंपरचा जुना ओरखडाही यातच घालू.” रक्कम छोटी असते आणि समोर एक मोठी, चेहरा नसलेली कंपनी असते. परंतु ज्या घरातून नुकतीच एक वस्तू चोरीला गेली, त्या घराने न घडलेले नुकसान कागदावर घडवून पैसे घ्यावेत, हे अचौर्य अणुव्रताच्या कोणत्या अर्थात बसेल? न दिलेले घेणे, म्हणजेच अदत्तादान, ते हेच. व्यवहाराच्या दृष्टीनेही यात मोठा धोका आहे: दाव्याचा एक भाग खोटा ठरला तर उरलेल्या खऱ्या भागावरचा विश्वासही जातो.

असाच दुसरा मोह नूतनीकरणाच्या वेळी येतो. या वर्षी दावा घेतलेला असतो. तरी कंपनी बदलून नव्या अर्जात ‘दावा नाही’ असे लिहिले जाते आणि बोनस मिळवला जातो. अर्ज भरणारा एजंट असला तरी खाली सही मालकाची असते. पुढे खरोखर मोठे नुकसान झाले आणि जुनी कंपनी विचारता खरे सांगून बसली, तर ओन डॅमेज भागाखालचे सर्व लाभ जाऊ शकतात. काही हजारांच्या सुटीसाठी लाखांचे छत्र पणाला लावण्याचा हा व्यवहार कोणत्याही वहीत नफ्याचा दिसणार नाही.

तिसरा मोह बाजारात भेटतो. चोरीला गेलेला आरसा नव्याने घ्यायला गेले की कोणीतरी निम्म्या किमतीत, बिलाशिवाय, अगदी तसाच आरसा दाखवतो. तो कोठून आला हे न विचारणे सोयीचे असते. चोरीचा माल घेणे, ज्याला आपल्या परंपरेत तदाहृतादान म्हणून अचौर्य व्रताचा अतिचार मानले आहे, ते याहून वेगळे नाही. कायद्यानेही जाणूनबुजून चोरीचा माल घेणे हा गुन्हाच आहे. बिल असलेला भाग महाग पडतो, पण आज ज्याच्या आरशाने आपली गाडी पूर्ण होते त्याच्या दारात काल रात्री काच फुटली होती, हे विसरून चालत नाही.

वर्षातून एकदा, दिवाळीच्या वहीपूजनाच्या सुमारास जुने हिशेब मिटवताना, घरातील सर्व वाहनांच्या पॉलिसीही एका फायलीत आणून पाहाव्यात. आयडीव्ही किती, बोनस किती, बोजा कोणाचा, दुसरी किल्ली कोठे आणि या गाडीची दाव्याची सीमारेषा किती, ही पाच उत्तरे पहिल्या पानावर लिहून ठेवावीत. ती फाईल कोठे असते हे घरातील स्त्रियांना आणि मोठ्या मुलांनाही माहीत असावे. चोर मालक गावाला गेलेला असतानाच येण्याचा संभव अधिक.